एकत्र शिकायचे खरे, पण कोणी कोणासोबत?

उच्च शिक्षणाच्या चर्चेत 'प्रोफेशनल लर्निंग कम्युनिटी' हा शब्द आता ऐकू येऊ लागला आहे. साध्या मराठीत सांगायचे तर एका संस्थेत काम करणाऱ्यांनी ठरावीक दिवशी एकत्र बसायचे, कामातली अडचण समोर ठेवायची, उपाय करून पाहायचा आणि तो लागू पडला की नाही हे पुन्हा बसून तपासायचे. आम्ही याला अध्ययन गट म्हणू. या कल्पनेला आमचा विरोध नाही. ती आपल्या पोरांच्या कामाची आहे, म्हणूनच ती प्रस्थापितांच्या हाती सोडून देऊ नये, असे आमचे म्हणणे आहे.

प्राध्यापकांना शिकवण्याची सोय आपल्याकडे नाही असे नाही. १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०१५ मध्ये त्यांचे नाव बदलून मनुष्यबळ विकास केंद्र झाले, २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र झाले. पाट्या बदलल्या, पण ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स पदोन्नतीला जोडलेले राहिले. प्राध्यापक दोन-तीन आठवडे अनोळखी लोकांसोबत व्याख्याने ऐकतो, प्रमाणपत्र घेतो, ते फाइलला लावतो आणि आपल्या महाविद्यालयात परत एकटाच वर्गावर जातो. पहिल्या वर्षाची निम्मी मुले डिसेंबरपर्यंत वर्गातून का गळतात, हा प्रश्न त्या प्रमाणपत्रात कुठेच नसतो.

अध्ययन गट हा प्रश्न विचारू शकतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात १९७९ पासून असे गट चालत आले आहेत. तिथले मिल्टन कॉक्स यांनी त्याची रचना मांडली ती अशी : सहा ते पंधरा माणसे, वेगवेगळ्या विभागांतली, प्राध्यापक आणि कर्मचारी दोन्ही, वर्षभर तीच माणसे आणि वर्षभर नियमित बैठका. यात प्रमुख पाहुणा नाही, दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. नेमका प्रश्न हवा आणि वर्षअखेर काय बदलले याचा हिशेब हवा.

पण ही रचना जशीच्या तशी आपल्या स्टाफरूममध्ये आणून ठेवली तर काय होईल? गटाची पहिली अट आहे, 'मला हे जमत नाही' असे मोकळेपणाने म्हणता येणे. भारतात हे वाक्य सर्वांना सारख्या किमतीत मिळत नाही. कायम नोकरीतला, वरच्या जातीचा ज्येष्ठ प्राध्यापक 'माझ्या तासाला मुले कंटाळतात' म्हणाला, तर तो त्याचा विनय ठरतो. तेच वाक्य राखीव जागेवरून आलेली तरुण प्राध्यापिका बोलली, तर मागून कुजबुज सुरू होते, 'बघा, कोट्यातून आल्यावर असेच होणार.' एकाचा विनय आणि दुसरीच्या गुणवत्तेवर शिक्का, असे जिथे होते तिथे शहाणा माणूस गप्प बसतो. आणि गप्प बसलेल्या माणसांचा गट शिकत नाही.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचे तास ऐकायला इतर कॉलेजांतले विद्यार्थीही येत. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यावे, याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. कोलंबियात शिकलेल्या माणसाला वर्गाने मान दिला आणि स्टाफरूमने माठ नाकारला. आज माठाच्या जागी वॉटर कूलर आहे. पण डबा कोण कोणासोबत खातो, परीक्षेची महत्त्वाची कामे कोणाला आणि हजेरीपटाची कोणाला, हे पाहा. दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ च्या अहवालात विद्यार्थ्यांबरोबर अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षकांच्या तक्रारीही नोंदवल्या होत्या, हेही विसरू नये.

दुसरा मुद्दा कर्मचाऱ्यांचा. आपल्याकडे 'शिक्षकेतर' हा शब्दच सांगतो की शिकण्या-शिकवण्याशी यांचा संबंध नाही. प्रत्यक्षात काय असते? महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनवर येतो. कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नाही, कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना आहे, हे त्याला दिसते. फी भरली नाही म्हणून कोण तोंड लपवतो, हेही त्याच्या खिडकीवर कळते. ग्रंथपालाला ठाऊक असते की मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी पुस्तक नेते आणि दोन दिवसांत न वाचता परत करते. वसतिगृहाच्या रखवालदाराला ठाऊक असते की कोण रात्रपाळी करून पहाटे येतो. सकाळच्या तासाला झोपणाऱ्या त्याच मुलाला प्राध्यापक 'सिरियस नाही' म्हणतो. ही तिघांची माहिती एका टेबलावर आली, तर अर्ध्या प्रश्नांचे उत्तर तिथेच मिळेल. ती येत नाही, कारण लिपिक, ग्रंथालय परिचर आणि शिपाई यांनी प्राध्यापकासमोर खुर्चीवर बसून बोलायचे असते, हे आपल्या शिक्षणसंस्थांना अजून पचलेले नाही.

तिसरा मुद्दा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा. नेट-सेट, पीएच.डी. होऊन ही मुले-मुली तासावर पैसे घेऊन शिकवतात, एका गावाहून दुसऱ्या गावाला बसने धावतात. त्यांत आपल्या समाजातले किती आहेत हे वाचकांना वेगळे सांगायला नको. बैठकीच्या तासाचे मानधन नसेल, तर त्यांनी गटात का यावे? आणि पुढच्या वर्षीची नेमणूक ज्याच्या हाती आहे त्याच्यासमोर त्यांनी अडचण कशी सांगावी?

यावर उपाय परदेशातूनच आणावा लागतो असे नाही. बुद्धांच्या संघात वर्षावासाच्या शेवटी पवारणा होत असे. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करी की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल तर सांगा. आणि ही विनंती ज्येष्ठापासून सुरू होई. न्हावी असलेल्या उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा कुळाचा अभिमान गळावा. पुढे राजगृहाच्या संगीतीत विनयाचे प्रश्न त्याच उपालीला विचारले गेले. नुसती 'सगळे समान' अशी घोषणा करून तिथे भागवले नाही, बसण्या-बोलण्याचा क्रमच बदलला.

म्हणून आमच्या अटी स्पष्ट आहेत. गटात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी असलेच पाहिजेत, आणि त्यांच्या त्या तासांचे मानधन मिळाले पाहिजे. अडचण आधी ज्येष्ठाने मांडावी. अध्यक्षपद फिरते असावे, आणि इतिवृत्त लिहिणे व चहा सांगणे ही कामे दरवेळी त्याच माणसाच्या गळ्यात पडू नयेत. गटात बोललेले गोपनीय अहवालात किंवा पदोन्नतीच्या फाइलमध्ये जाणार नाही, हे लेखी हवे. आणि नॅकच्या फाइलसाठी फोटो काढणे हे गटाचे काम नसावे. वर्षाला एक प्रश्न घ्यावा, उदाहरणार्थ पहिल्या सत्रात नापास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका एकत्र वाचणे, आणि त्याचा हिशेब विद्यार्थ्यांना द्यावा.

काही कार्यकर्ते विचारतील, रिक्त जागा भरल्या जात नाहीत, बिंदुनामावलीत घोळ होतो, अशा वेळी हे गटाचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. भरतीचा लढा पहिला, त्याला पर्याय म्हणून कोणी गट पुढे करत असेल तर तो हाणून पाडावा. पण बिंदुनामावली आपल्या माणसाला दारातून आत नेते. आत गेल्यावर तो एकटा पडून पाच वर्षांत मान खाली घालून वावरतो की संस्था बदलतो, हे आतल्या रचनेवर ठरते. आणखी एक खबरदारी घ्यावी. जातीवाचक अपमान हा 'चर्चेने शिकण्याचा' विषय नाही. तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि आयोगाचे समतेविषयीचे २०१२ चे नियम झालेले आहेत. तक्रार गटात आणून मिटवण्याचा प्रयत्न कोणी केला, तर त्या दिवशी गट सोडावा.

विद्यापीठात असलेल्या आपल्या तरुण प्राध्यापकांना, लिपिकांना, ग्रंथपालांना आमचे सांगणे आहे, परिपत्रकाची वाट पाहू नका. सहा माणसे जमवा, त्यांत निदान दोन 'शिक्षकेतर' असू द्या. विद्यार्थ्यांनी प्रश्न लिहून द्यावेत. आपल्या विहारांतून, वसतिगृहांतून अभ्यासवर्गाची सवय आपल्याला आहेच. 'शिका' हा आदेश फक्त विद्यार्थ्याला दिलेला नाही, पगार घेऊन शिकवणाऱ्यालाही तो लागू आहे. आणि त्याने शिपायाकडूनही शिकायची तयारी ठेवली, तरच त्याच्या वर्गातल्या शिपायाच्या मुलाला काही मिळेल.

जय भीम!