दोन तारा कमी, चार इंच कमी

“गिटारच्या दोन तारा तुटल्या का गं?”

मेसच्या काकांनी हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी विचारला, आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. काका, तारा तुटलेल्या नाहीत. चारच असतात. ही बेस गिटार. साध्या गिटारच्या जाड चार तारांचे जे सूर, तेच हिचे, फक्त एक सप्तक खाली. गाण्यात ती वेगळी अशी कोणाला ऐकू येत नाही, पण बंद केली की गाणं अळणी लागतं. “म्हणजे आमटीतलं मीठ,” काका म्हणाले. बरोब्बर!

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा विषय मी ‘स्कोरिंग’ नाही म्हणून रडत रडत पार पाडला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाच्या माथी. कॉन्व्हेंटने मला एक गोष्ट मात्र दिली. आवाज मुळातच खालचा, म्हणून सिस्टरने मला कॉयरमध्ये मागच्या रांगेत, आल्टोमध्ये ढकललं. पुढच्या मुली चाल गाणार आणि आम्ही खालून आधार देणार. तेव्हा राग यायचा. पण कान खालच्या सुरांकडेच जायची सवय तिथे लागली ती लागलीच.

तर मंडळी, विषय असा, की कमी पैशांत शॉर्ट-स्केल बेस घ्यावी का, आणि घेतल्यावर तिच्यावर अजून किती पैसे ओतावेत? माझं उत्तर : जरूर घ्यावी. आणि ओतू नयेत, निदान मी ज्या क्रमाने ओतले त्या क्रमाने तरी नाही.

आधी शॉर्ट-स्केल म्हणजे काय ते. नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग कंप पावतो, त्याची लांबी म्हणजे स्केल. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आली ती ३४ इंचांची, आणि तेच सगळीकडे ‘फुल साइझ’ म्हणून रूढ झालं. शॉर्ट-स्केल साधारण ३० इंचांची. फरक फक्त चार इंचांचा. पण आमच्या बॅंडच्या लीड गिटारिस्टने माझी बेस पाहून काय म्हणावं? “ही तर बच्चा साइझ आहे. मुलींना बरी पडते.”

या वाक्याला उत्तर द्यायला मी कॅल्क्युलेटर काढला. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत पहिलं बोट ते करंगळी असा पंजा पसरावा लागतो. ३४ इंची बेसवर हे अंतर सुमारे १३० मिलिमीटर भरतं, ३० इंचीवर सुमारे ११४. सोळा मिलिमीटर! माझ्या करंगळीला विचारा सोळा मिलिमीटर म्हणजे काय. एका मित्राची मोठी बेस मी दोन महिने वाजवली, आणि त्या दोन महिन्यांत मनगट इतकं दुखलं की जर्नल लिहायला बसले की पेन खाली ठेवावं लागायचं. (जर्नल न लिहिण्याचं हे माझं एकमेव खरं कारण होतं.) हाताचं माप लहान असणं म्हणजे शिकाऊ असणं नव्हे. चप्पल आपण पायाच्या मापाची घेतो, इंजिनीअरिंगच्या वर्षाच्या मापाची नाही.

आणि ‘बच्चा साइझ’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर ३० इंचीच होती, आणि तेव्हा ती तशी स्वस्तातली होती. (तीच बेस १९७२ मध्ये चोरीला गेली आणि ती परत मिळाल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. बावन्न वर्षं! आमच्या होस्टेलमध्ये हरवलेली बादली बावन्न मिनिटांनी पण मिळत नाही.) क्रीम बॅंडचा जॅक ब्रूस गिब्सनची ईबी-३ वाजवायचा, ती ३०.५ इंची. या लोकांना कोणी ‘मुलींना बरी पडते’ म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मुलींचंच म्हणाल, तर मुंबईची मोहिनी डे ए. आर. रहमानबरोबर बेस वाजवून आली आहे. तिचे व्हिडिओ बघा आणि मग बोला.

आता खरेदी. आईने भिशीचे नऊ हजार दिले. तेवढ्यात नवी, नावाजलेली काही येत नव्हती. स्क्वायरची ब्रॉन्को ३० इंची, आयबानेझची मायक्रो तर २८.६ इंची, दोन्ही हाताला छान बसल्या. पण किमतीची चिठ्ठी पाहून मी त्या अलगद परत टांगल्या. शेवटी पुण्यातच, बेंगळुरूला निघालेल्या एका आयटीवाल्याकडून सेकंडहँड घेतली. ब्रँड सांगत नाही, कारण पुढे तिच्या तक्रारी येणार आहेत.

सेकंडहँड घेताना मी रंग पाहिला, पट्टा पाहिला, सोबत कव्हर फुकट आहे हे पाहून खूश झाले. पाहायला हवं होतं ते वेगळंच. बेस डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून दांडी पिळली गेली आहे का ते बघायचं. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून एखादा सूर मुका आहे का ते बघायचं. ट्रस रॉड, म्हणजे दांडीच्या पोटातली लोखंडी सळई, तिचा नट फिरतो की गंजून बसलाय ते मालकाला फिरवून दाखवायला सांगायचं. बाकी सगळं नंतर बदलता येतं, पण पिळलेली दांडी कमी पैशांत सरळ होत नाही. माझी दांडी सरळ निघाली ते केवळ नशीब.

होस्टेलवर आणून वाजवली, आणि तीन तक्रारी. जाड ई तार ढिल्ली, वाजवली की ‘थप्प’. खालच्या फ्रेट्सवर खरखर. आणि अँपमधून अखंड गुणगुण. माझी रूममेट शास्त्रीय गाणं शिकते. ती खरखर ऐकून म्हणाली, “अगं, जवारी काय सुंदर आहे!” तानपुऱ्यावर जे मुद्दाम दोरा सरकवून काढतात ते माझ्याकडे फुकटात होतं.

आईचा फोन आला. “वाजते ना नीट?” मी म्हटलं, “हो, मस्त.” भिशीचे पैसे होते, दुसरं काय म्हणणार?

मग सुरू झाली ती अपग्रेडची साथ. होस्टेलमध्ये ही साथ सगळ्यांनाच असते. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून रॅम वाढवणारे आणि बाइकला मोठा सायलेन्सर लावणारे एकाच जातीचे. सगळ्यांनी एकमुखाने सल्ला दिला, पिकअप बदल. इंटर्नशिपचे पैसे आले होते. ४,२०० रुपयांचा नवा पिकअप मागवला, लॅबमध्ये सोल्डर केला, आणि धडधडत्या छातीने अँप लावला. निकाल? ढिल्ली ई तार आता आणखी स्वच्छ ऐकू यायला लागली. खरखरही. गुणगुण होती तशीच, कारण नवा पिकअपसुद्धा सिंगल कॉइलच होता.

रडू आलं, पण त्या रात्री पहिल्यांदा मी इंजिनीअरिंगच्या मुलीसारखा विचार केला. पिकअप बिचारा तारेचं कंपन विजेत बदलतो. तार वाईट असेल तर वाईट कंपन बदलेल. मग तारेचं काय? बारावीचं फिजिक्स आठवा. तार तीच आणि सूर तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीस भागिले चौतीस, त्याचा वर्ग, ०.७८. म्हणजे ताण सरळ २२ टक्क्यांनी कमी! आधीच्या मालकाने ३४ इंची बेसच्या बारीक तारा कापून या ३० इंचीवर चढवल्या होत्या. ढिल्ली नाही तर काय होणार? शिवाय अशा तारेचा जाड भागच खुंटीवर गुंडाळला जातो आणि नीट बसत नाही. शॉर्ट-स्केलसाठी बनवलेला, जाड ई तारेचा सेट २,१०० रुपयांना मिळाला. ‘थप्प’ गेलं आणि ‘धूम’ आलं. पूर्ण ३४ इंचीसारखा ताठपणा नाही येत, पण जो गोल, मऊ आवाज येतो तो मला जास्त आवडतो.

खरखर काढायला वर्कशॉप उपयोगी पडलं. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार नि फ्रेट यांच्यातली फट मोजायची. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. पहिल्या वर्षाला फिटिंगच्या जॉबसाठी हातात दिलेला फीलर गेज आयुष्यात कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं! माझ्या दांडीला फटच नव्हती. ट्रस रॉड एकदम पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, मग रात्रभर थांबायचं, सकाळी परत मोजायचं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं. जाड तार नटच्या खाचेत बसत नव्हती, ती खाच मात्र मी दुकानातल्या कारागिराकडून घासून घेतली. ते आणि ब्रिजवर सूर जुळवून देणं, मिळून सातशे रुपये. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल मागे न्यायचं, उतरला तर पुढे आणायचं, हे त्यांनीच शिकवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

राहिली गुणगुण. हा भाग होस्टेलच्या सगळ्यांनी वाचावा, संगीत आवडत नसलं तरी.

तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायची, सोडला की वाढायची. आणि अनवाणी उभी असताना बोटांना बारीक मुंग्या यायच्या. मला वाटलं, सरावाने बोटं बधिर होतायत! लॅबच्या मामांना सहज सांगितलं तर त्यांचा चेहराच बदलला. “तो अँप आधी बंद कर,” म्हणाले, आणि इलेक्ट्रिशियन काकांना घेऊन मॅडमच्या परवानगीने खोलीवर आले. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यायला हवं. आलं भलतंच, तेही सारखं हलत होतं. काकांनी बोर्ड उघडला. अर्थची वायर पिनपर्यंत आलेलीच नव्हती, आत तशीच दुमडून ठेवलेली. अँपचा धातूचा सांगाडा, केबलची जाळी आणि माझ्या तारा सगळं जोडलेलं, आणि जमिनीपर्यंत जाणारा रस्ता मात्र बंद. कधी अँपमध्ये बिघाड होऊन फेज सांगाड्याला टेकली असती, तर ती वाट माझ्यातून गेली असती.

वायर जोडली आणि मुंग्या त्याच क्षणी बंद. गुणगुण बरीच उतरली. उरलेली मी पिकअपच्या खळग्यात तांब्याची चिकटपट्टी आतून लावून आणि ती ग्राउंडला जोडून कमी केली, खर्च अडीचशे. ट्यूबलाइटकडे तोंड करून बसले तर अजून थोडी येते, मग मी पाठ करून बसते.

पण त्या सॉकेटवर आम्ही दोघी इस्त्री लावायचो. शेजारच्या खोलीत पाणी तापवायची कॉइल बादलीत घालतात. (लावतात, सगळ्यांना माहीत आहे, रेक्टर मॅडम.) लॅपटॉपच्या कडेवरून हात फिरवला की झिणझिण होतं, ही तर आमच्या मजल्यावर गंमत म्हणून सांगितली जाते. सगळ्याच झिणझिणीचं कारण हे असेल असं नाही, पण एक बोर्ड उघडला तर तो असा निघाला. बाकीच्या खोल्यांचे बोर्ड अजून कोणी उघडलेले नाहीत. मी अर्ज दिला आहे. ज्यांना मुंग्या येतात त्यांनीही द्यावा. तिसरी पिन तोडून किंवा टूथपिक खुपसून काम भागवणाऱ्या महाभागांनी तर आजच द्यावा, आणि बोर्ड स्वतः उघडू नये.

हिशेब करते. तारा, कारागीर आणि तांब्याची पट्टी, मिळून ३,०५०. या पैशांत माझ्या तिन्ही तक्रारी गेल्या, आणि गुणगुणीतला मोठा वाटा तर सरकारी पगारावरच्या पक्कडीने काढला. ४,२०० च्या पिकअपने एकही तक्रार गेली नाही. नवा पिकअप वाईट आहे असं नाही, आता तारा ठीक झाल्यावर त्याचा फरक कळतो. पण तो शेवटी घ्यायची वस्तू होती, किंवा कदाचित घ्यायचीच नव्हती. बेस विकायला काढली तर त्याचे वेगळे पैसे कोणी देणार नाही, म्हणून जुना पिकअप मी डब्यात जपून ठेवला आहे. उद्या विकलीच तर जुना परत बसवून नवा काढून घेईन.

‘स्वस्त घेऊन त्यावर पैसे घालवण्यापेक्षा थांबून एकदम चांगली घे,’ असं आमचे एक सर म्हणाले. सर, पटतं. पण थांबले असते तर फायनल इयर संपलं असतं. आणि माझ्या हाताला मोठी बेस नकोच आहे, स्वस्त असो की महाग.

उरलेले पैसे मी हेडफोनवर वाजणाऱ्या छोट्या अँपसाठी ठेवले आहेत. रात्री दहानंतर भिंतीवर थाप पडते ना, म्हणून. तसाही माझ्या सहा इंची स्पीकरला ४१ हर्ट्झचा ई झेपत नाही, तो वरच्या हार्मोनिक्सवरूनच आपण ओळखतो. परवा आईला फोनवर गाणं वाजवून दाखवलं, तर तिला काहीच ऐकू आलं नाही. “सुरू कर ना,” म्हणाली. मी दोन कडवी वाजवून झाली होती.

जी तारेची खुंटी अजून सरकते, गॅदरिंगपर्यंत दर गाण्यानंतर सूर लावावा लागेल. खुंट्यांचा नवा सेट अठराशेला आहे. आधी तिच्या मागचा स्क्रू आवळून बघणार आहे. आणि फीलर गेज सोमवारी वर्कशॉपला परत करायचा आहे, कोणाला दांडी मोजायची असेल तर त्याआधी या.