देवीच्या कुप्या

विसाव्या शतकात देवीच्या रोगाने अंदाजे ३० कोटी माणसे मारली. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या एका कामापुरते एकत्र आले, गावोगाव लस पोहोचली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग संपल्याचे जाहीर केले. माणसाने ठरवून एक आजार पृथ्वीवरून पुसला. विषाणूचे नमुने मात्र अटलांटा आणि सायबेरियातील कोल्त्सोवो येथे आजही गोठवून ठेवलेले आहेत. ते जून १९९९ पर्यंत नष्ट करायचे ठरले होते. मुदत टळली ती टळलीच. कारण संशोधनाचे दिले जाते. आम्हाला त्यामागे परस्परांवरचा अविश्वासच अधिक दिसतो. १९७८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये प्रयोगशाळेतल्या विषाणूने बळी घेतला होता, तोही विस्मरणात गेला.

आता तर कुप्या नष्ट करूनही भागणार नाही. कॅनडातील शास्त्रज्ञांनी विकत मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून घोड्यांच्या देवीचा विषाणू जुळवला आणि २०१८ मध्ये ती पद्धत प्रसिद्धही केली; त्याच वाटेने माणसाच्या देवीचा विषाणूही घडवता येऊ शकतो. असे तुकडे विकणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाईक कोण, मागणी कशाची, हे तपासणे बहुतेक देशांत ऐच्छिकच आहे. ते कायद्याने सक्तीचे करा, आणि भारताने जागतिक आरोग्य परिषदेत हा आग्रह धरावा.