वादकाचे हात

मैफल संपली की श्रोते सुरांची वाखाणणी करतात. ते सूर ज्या हातांनी घडवले, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे कलावंताचा पुतळा घडवतानाही चेहरा, पगडी आणि शाल यांवरच सारे कौशल्य खर्ची पडते. हात मात्र कोणाचेही शोभतील असे असतात.

१७ ऑक्टोबर १८४९ रोजी थोर पियानोवादक व संगीतकार फ्रेदेरिक शोपँ यांचे पॅरिसमध्ये निधन झाले, तेव्हा शिल्पकार क्लेझांजे यांनी त्यांच्या चेहऱ्याबरोबर हाताचाही साचा घेतला. त्यांच्या डाव्या हाताच्या प्रतिकृती आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. परंतु तो निश्चल झालेला हात आहे. प्रत्येक बोटाची घडण आणि ताकद निराळी असते, ती सारखी करण्याचा अट्टहास धरू नये, असे शोपँ यांचे मत होते. बोटांचे हे निराळेपण निष्प्राण हातात कितीसे उरणार? म्हणून असा साचा कलावंताच्या हयातीतच घ्यावा, असे मला वाटते.

आज ते कठीणही नाही. समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट नावाचे चूर्ण पाण्यात कालवतात. दंतवैद्य दातांचे ठसे घेण्यासाठी हेच वापरतात. वादकाने त्या दाट मिश्रणात हात बुडवून काही मिनिटे स्थिर ठेवायचा. मिश्रण रबरासारखे लवचिक झाले, की हात अलगद सोडवून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचे. साचा सुकताना आकसतो, त्यामुळे विलंब चालत नाही. पुढे तो सोलूनच काढावा लागतो. एका साच्यातून एकच हात मिळतो. त्वचेवरची बारीकशी रेघही त्यात उमटते. खरी परीक्षा असते ती वादकाची. समोर वाद्य नसताना तार दाबल्याची मुद्रा त्याला धरून ठेवावी लागते.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी एका सारंगीवादकाच्या डाव्या हाताचे असे शिल्प पाहिले. सारंगीवर बोटाच्या टोकाने तार दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी असलेली त्वचा तारेला बाजूने भिडवून स्वर काढतात. वर्षानुवर्षांच्या रियाजाने तेथे घट्टे पडतात. शिल्पात ते कोठेच दिसेनात. चौकशी केली, तेव्हा मांडणी करणारे गृहस्थ सहजपणे म्हणाले, "खडबडीत दिसत होते, म्हणून घासून काढले." उरला होता तो एक सुबक हात, सारंगीवादकाचा हात नव्हे.

ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत असताना या खटाटोपाची गरज काय, असे कोणी विचारील. चित्रफितीत बोटांची गती दिसते हे खरे. पण घट्ट्याचा कठीणपणा तिच्यातून कळत नाही. तो हातालाच कळतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला तर सारंगीवरची बोटांची ठेवण समजून घेण्यासाठी असे शिल्प चाचपून पाहण्याइतका सोपा मार्ग क्वचितच असेल. पहिल्या शिल्पावरून सिलिकॉन रबराचा साचा करून आणखी प्रती काढता येतात. मूळ शिल्प खुशाल काचेच्या कपाटात ठेवावे. एक प्रत मात्र, घट्ट्यांसकट, कोणालाही हात लावता येईल अशी बाहेर मेजावर असावी.