दोरीची जागा

बंगळूरच्या हलसूर तलावात मद्रास सॅपर्सचे जवान शिडाच्या होड्या चालविण्याचा सराव करतात. वाऱ्याविरुद्ध तिरकस जाताना होडी मागे रेंगाळली, की दोष हाताकडे जातो. पुष्कळदा तो पुढील शिडाच्या दोरीच्या कडीचा असतो.

त्या शिडाच्या पुढच्या कडेजवळ वर, मध्ये व खाली लोकरीचे धागे लावावेत आणि होडी हळूहळू वाऱ्याकडे वळवावी. वाऱ्याकडील बाजूचा वरचा धागा प्रथम फडफडला, तर शिडाचा माथा सैल आहे; कडी पुढे सरकवावी. खालचा फडफडला, तर मागे. तिन्ही एकदम फडफडले, म्हणजे जागा साधली! वारा फार वाढल्यास मात्र कडी किंचित मागे घ्यावी. होडी कमी कलते. बळ लावण्यापूर्वी जागा पाहावी, हेच खरे.