कायदा आणि आपण : ठेकेदाराने घर अर्धवट टाकले तर?



आमच्या वस्तीतील एका काकांनी निवृत्तीचा फंड घर बांधण्यात घातला. सहा लाखांत काम ठरले. चार लाख दिले, स्लॅब पडला आणि ठेकेदार फिरकेनासा झाला. "लिहून घेतले होते का?" आम्ही विचारले. काका म्हणाले, "ओळखीतला माणूस, काय लिहायचं!" हे उत्तर आम्ही किती घरांत ऐकले असेल!

तोंडी करारही करारच असतो. पण कोर्टात तो सिद्ध करता करता माणूस थकतो. म्हणून काम, माल, रक्कम, हप्ते आणि मुदत मुद्रांक कागदावर लिहा. दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. पैसे शक्यतो बँकेतून द्या, रोख दिले तर पावती घ्या. काम पुढे सरकेल तसाच हप्ता सोडा.

करार मोडला तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ नुकसानभरपाई देते. काकांचा हिशोब पाहा. उरलेले काम दुसऱ्या गवंड्याने तीन लाखांत केले. म्हणजे सहा लाखांचे घर सात लाखांना पडले. हा वाढीव एक लाख मागता येतो. कुटुंब भाड्याने राहते हे ठेकेदाराला करार करतानाच ठाऊक असेल, तर लांबलेल्या महिन्यांचे भाडेही मागता येते. मात्र हातावर हात ठेवून नुकसान वाढू दिले, तर ते वाढीव नुकसान मिळत नाही. उशिराचा दंड करारात लिहिला असेल, तरी कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढेच देते.

दुसरा गवंडी लावण्याआधी अर्धवट कामाचे फोटो काढा, जाणकाराकडून मोजमाप करून घ्या आणि लेखी नोटीस पाठवा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा; दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. दिवाणी दाव्याला मुदत तीन वर्षांची.

बिल्डरकडून फ्लॅट घेतला असेल तर २०१६ चा रेरा कायदा आहे. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागा. घरच हवे असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागा.

"वकिलाला पैसे कुठून आणायचे?" असे म्हणून गप्प बसू नका. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क आहेत आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींना व सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला घेऊन तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात जा.

बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. त्यांच्या लेकरांनी कोऱ्या विश्वासावर घामाचा पैसा उधळावा, हे आम्हाला बरे वाटत नाही. या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा मजकूर मोठ्याने वाचा. कुणाचे तरी घर वाचेल.

जयभीम! नमो बुद्धाय!