शोरूम लहान झाले तरी चालेल

कोरोनाने गाडीविक्रीचा धंदा बदलला याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो पुढे काय करायचे याबद्दल. एक मत आता सर्रास मांडले जाते : गिऱ्हाईक मोबाइलवर गाडी निवडते, किंमत ताडून पाहते, कर्जही तिथेच मंजूर करून घेते, मग मधला विक्रेता कशाला? कंपनीने थेट विकावे, रायगडातल्या महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांत शोरूमचा खर्च करूच नये. या मताला आधार आहे. एप्रिल 2020 मध्ये मारुतीची देशांतर्गत विक्री शून्य होती. त्याच 1 एप्रिलपासून फक्त बीएस-6 या प्रदूषण निकषाच्या गाड्या विकण्याचा नियम लागू झाला आणि टाळेबंदीमुळे न खपलेल्या बीएस-4 गाड्या विक्रेत्यांच्या अंगावर पडल्या. पुढच्या वर्षी चिपच्या टंचाईने उलटेच झाले : बुकिंग होते, गाड्या नव्हत्या, दालनाचे भाडे मात्र चालू होते.

पण ही सगळी साक्ष दालनाविरुद्ध जाते, विक्रेत्याविरुद्ध नाही. गाडी निवडायला फार तर काही आठवडे लागतात, वापरायची ती दहा-बारा वर्षे. महाडचेच पाहा. 22 जुलै 2021 च्या रात्री शहरात पुराचे पाणी भरले, वीज गेली, मोबाइल बंद पडले. बुडालेल्या गाडीचा मालक पाणी ओसरल्यावर पहिल्यांदा चावी फिरवून पाहतो, आणि खरा घात तिथे होतो. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जाते. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पुराने झालेली हानी धरलेली असते, पण पाणी गेलेली गाडी चालू करताना बिघडलेले इंजिन सहसा त्यातून वगळले जाते. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण पॉलिसी घेतानाच जोडून घ्यावे लागते. महाडच्या सावित्री नदीकाठच्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट गाडी देतानाच सांगणारा माणूस हवा. पूर आल्यावर बॅटरीची तार काढायला, गाडी ओढून न्यायला, विम्याच्या सर्व्हेअरला बोलावायला तोच माणूस हाकेच्या अंतरावर हवा. ज्या रात्री गावातले मोबाइलच बंद असतात, त्या रात्री कंपनीचे ॲप कुणाच्या उपयोगी पडणार? पोलादपूरचे दुखणे निराळे. आंबेनळी आणि कशेडी घाटांत ब्रेक आणि क्लच सपाटीवरच्यापेक्षा लवकर झिजतात. चाकरमान्याने मुंबईत घेतलेली गाडीसुद्धा गणपतीत याच घाटांत उतरते.

थेट विक्रीचा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत झालाही आहे. ओला इलेक्ट्रिकने 2021 मध्ये स्कूटर घरबसल्या विकायला सुरुवात केली. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्याविरुद्ध एका वर्षात दहा हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली आणि त्याच डिसेंबरात कंपनीने आपली दुकाने चार हजारांवर नेल्याचे जाहीर केले. नव्या दुकानांना सर्व्हिसची सोय जोडलेली होती. दुचाकीची ही गत, तर चारचाकीची काय होईल? सरकारनेही विक्रेत्याला बाजूला सारलेले नाही. 2021 पासून महाराष्ट्रात नव्या खासगी गाडीच्या नोंदणीचे काम त्याच्या डिजिटल सहीवर होऊ लागले, म्हणजे त्याची जबाबदारी वाढली. दालनाचे म्हणाल तर टाटा मोटर्सने 2022 मध्ये ‘अनुभव’ नावाची 103 फिरती शोरूम गावोगाव धाडली. पोलादपूरला गाडी दाखवायला एवढे पुरेसे आहे. फिरते चालणार नाही ते वर्कशॉप.

यावर कुणी म्हणेल, गावातले गॅरेज काय वाईट? वाईट मुळीच नाही. जुन्या गाड्या त्यांच्याच हातांवर चालत आल्या आहेत. पण बीएस-6 गाडीतले सेन्सर आणि डिझेल गाडीच्या धुराच्या नळीतला काजळी अडवणारा फिल्टर स्कॅनरशिवाय समजत नाहीत, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या उच्च दाबाच्या तारांना शिकलेल्या माणसानेच हात लावावा. विक्रेत्याने गॅरेजमधल्या याच फिटरांना शिकवून सोबत घ्यावे. दुसरा आक्षेप पुराचा : महाडात स्टॉक ठेवला तर तोही बुडेल. म्हणूनच स्टॉक इथे नको. एक-दोन टेस्ट ड्राइव्हच्या गाड्या आणि पूररेषेच्या वर बांधलेले वर्कशॉप, एवढाच पसारा असावा.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे : एवढ्या कमी विक्रीत हा खर्च निघणार कसा? आजच्या करारांत तो निघणे कठीणच आहे, कारण न खपलेल्या गाड्यांवरचे बँकेचे व्याज विक्रेता भरतो. पण करार बदलता येतो. चाकणच्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर 2021 मध्ये तो बदलला. तेव्हापासून स्टॉक कंपनीचा, किंमत देशभर एकच, आणि विक्रेत्याला गाडी सोपवण्याबद्दल मोबदला. या एका किमतीत गिऱ्हाइकाचेही हित आहे. घासाघीस आणि माथी मारलेल्या ॲक्सेसरीज यांचा जाच त्याने पुष्कळ सोसला आहे. जे धनिकांच्या गाड्यांना जमले ते आठ-दहा लाखांच्या गाडीला का जमू नये? कंपन्यांनी ते आपणहून केले नाही तर कायद्याने करायला लावावे. सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवायचे ठरवले, तेव्हा विक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ने 170 विक्रेते आणि त्यांची सुमारे 2000 कोटींची गुंतवणूक अडकल्याचे सांगितले. विक्रेत्याला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता. कंपनी निघून गेली तर भरपाई किती, सुटे भाग किती वर्षे मिळणार, पडून राहिलेला स्टॉक कोण उचलणार, हे करारात लिहिलेले असल्याशिवाय महाडचा कोणताही शहाणा माणूस वर्कशॉपसाठी बँकेच्या कागदावर सही करणार नाही, आणि त्याने ती करूही नये.