समुद्र कुणाच्या बापाचा?

मी न्हावा-शेवाला कंत्राटदाराच्या हाताखाली माल उपसतो. दहावी पास. कविता करतो, पण ही कविता नव्हे. माणगाव परिषदेचा दिवस म्हणून मार्चात गावी आलो, तर कोल्हापुरात एका हॉलात परिसंवाद लागलेला. विषय : समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांशी युवक सहकार्य आणि सांस्कृतिक संवाद. गेलो. शाली, नारळ, बिसलेरी. वक्ते म्हणाले, मुंबई आणि कराची ह्या दोन बहिणी. गझल ऐकू, बिर्याणी खाऊ, मनं जुळवू. मी मागनं उठलो आन् इचारलं, ‘‘सायेब, पालघरच्या खलाशाचं काय?’’

उत्तर आलं, ‘‘विषयाला धरून बोला.’’

धरूनच बोलतो.

पालघर, डहाणू, तलासरीची आदिवासी पोरं पोटासाठी गुजरातच्या बोटींवर चढतात. पाण्यावर रेघ नसते. सर क्रीकचा तंटा दोन्ही सरकारांनी अजून मिटवलेला नाही. मासा हद्द वलांडतो, तो सुटतो. त्याच्यामागं गेलेला खलाशी कराचीच्या मालीर तुरुंगात सडतो. तिकडचा सिंधी मच्छीमार तसाच गुजरातच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दरसाल १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा संपली तरी नागरिकत्वाची खात्री होईस्तोवर माणूस आतच. बोटीचा मालक बाहेर, राबणारा आत. याद्या वेळेवर समुद्र ओलांडतात, माणसं नाही. हाच काय तुमचा संवाद?

मे २०२५ मध्ये पाकिस्तानी जहाजांना आपली बंदरं बंद झाली, तिकडच्या मालालाही मनाई झाली. जूनमध्ये आमच्याच न्हावा-शेव्यात महसूल गुप्तचरांनी ३९ कंटेनर पकडले. माल पाकिस्तानचा, कागद दुबईचे. व्यापाऱ्याच्या पेटीला दुबई सापडते. खलाशाला कुठली दुबई?

आता इतिहास काढू. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. फाळणी झाली, ज्याला निघता आलं तो निघाला. कराचीच्या अस्पृश्य सफाई कामगाराला मात्र पाकिस्तान सरकारनं ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवून अडकवून ठेवलं. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून ही कैफियत मांडली. आपले उच्चायुक्त श्रीप्रकाश बोलायला गेले, तर तिथल्या पंतप्रधानाचा उलटा सवाल : मग कराचीचे रस्ते न् संडास साफ कोण करणार?

दोस्तहो, ह्या एका सवालावर दोन्ही देशांचं एकमत हाय! तिकडं गटारीत उतरतो तो ख्रिस्ती नाहीतर हिंदू दलित. हिकडं २०१३ चा कायदा हाय, तरी मॅनहोलात मरतो तो आमचाच. झेंडे दोन, गटार एक. सांस्कृतिक संवाद म्हणता तो हाच, पिढ्यान् पिढ्या विनाव्हिसा चाललेला.

युवक सहकार्य मला नको असं नाही. १९६६ साली ओकलंडच्या काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली, १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी दलित पँथर. मधे अर्धी दुनिया. कुणाला प्रवासभत्ता नव्हता, कुणी शाल घातली नव्हती. छापील कागदावरून हाक पोचली, कारण जखम सारखी होती.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. शिक्षा भोगून झालेला प्रत्येक मच्छीमार, दोन्हीकडचा, आधी घरी पाठवा. हद्द चुकलेल्या बोटीला परत वळवा, तुरुंगात घालू नका. कैद्याचं पत्र घरच्यांना पोचू द्या. आणि संवादाची खुर्ची मांडायचीच असेल तर पहिली खलाशाला, दुसरी सफाई कामगाराला. त्यांचं बोलून झालं की मग गझल म्हणा; आम्हीही ऐकू.

२१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावात काय घडलं? अस्पृश्यांच्या परिषदेला शाहू महाराज आले. मंडप अस्पृश्यांचा, अध्यक्ष बाबासाहेब, राजा पाहुणा. कोल्हापूरच्या विद्वानांनो, शंभर वर्षांपूर्वी तुमच्याच जिल्ह्यात हे झालं. आणि तुमच्या हॉलात आज खलाशी पाहुणासुद्धा नाही. विषय सोडलाय तो मी नाही, तुम्ही.

जय भीम.